पेपरमिंटचा डबा आणि भाकरीचा डबा

"वार्षिकाच्या मराठी विभागासाठीं कांहीं तरी लिहून द्या," असा संपादकांचा निरोप दरवर्षीं येतो, आणि दरवर्षीं आम्ही एखाद्या कवीवर किंवा व्याकरणाच्या एखाद्या नियमावर चार पानें लिहून आपली सुटका करून घेतों. यंदां मात्र तसें करण्यास मन घेत नाहीं. जी गोष्ट पांच वर्षें मनांत सलत आहे ती एकदां सांगून टाकावी, आणि तिच्या निमित्तानें जें थोडेंबहुत शिकलों तें आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या पालकांपुढें ठेवावें, अशा हेतूनें आज लेखणी हातीं घेतली आहे. विषय मुलांच्या दांतांचा आणि पोटाचा आहे. मराठीच्या शिक्षकानें ह्या विषयांत कां शिरावें, असें कोणी विचारील. लेख वाचून झाल्यावर तो विचारणार नाहीं, अशी आशा आहे.

आमच्या टेबलावर पुष्कळ वर्षें एक पत्र्याचा डबा असे. त्यांत पेपरमिंटच्या गोळ्या असत. इयत्ता पांचवीच्या वर्गांत जो मुलगा कविता न चुकतां म्हणून दाखवी त्यास एक गोळी; ज्याचें शुद्धलेखन बिनचूक उतरे त्यास एक गोळी; जो अवघड समास सोडवी त्यासही एक. आम्ही स्वतः मिशनच्या शाळेंत वाढलों. तेथें विद्या पुष्कळ मिळाली, तसा छडीचा प्रसादही पुष्कळ मिळाला. शिक्षक झाल्यावर छडी हातीं धरावयाची नाहीं, असा आम्हीं निश्चय केला होता, आणि छडीच्या जागीं हा डबा आला होता. त्याचा आम्हांस मोठा अभिमान वाटे.

त्या वर्गांत एक मुलगा होता. त्याचें नांव येथें देत नाहीं. तो आतां दहावींत आहे आणि हा अंक त्याच्याही हातीं पडेल. त्याचे आईबाप दिवाळी झाली कीं ऊसतोडीस जात, ते उन्हाळा लागेपर्यंत परत येत नसत. घरीं एकटी आजी. पाठांतरांत ह्या मुलाचा हात धरणारा वर्गांत दुसरा कोणी नव्हता. साहजिकच आमच्या डब्यांतील सर्वांत अधिक गोळ्या त्याच्याच वाट्यास येत. कधीं दिवसास तीन, कधीं चार. दुसऱ्या मुलांप्रमाणें तो गोळी चावून खात नसे. ती गालांत धरून होईल तितका वेळ पुरवी.

त्याच्या डब्यांत बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, एखादा कांदा आणि कधीं मटकीची उसळ असे. मधल्या सुट्टींत मुलें जेवावयास बसत तेव्हां तो आपला डबा पुरता उघडीत नसे. गांवांतील मुलांच्या डब्यांत बिस्किटें, जॅम लावलेला पाव, नूडल्स असे पदार्थ असत. हळूहळू तो भाकरी तशीच घरीं परत नेऊं लागला आणि बिस्किटांच्या एका पुड्यावर दुपार काढूं लागला. हें आमच्या ध्यानांत आलें नव्हतें असें नाहीं. एकदां वर्गांत लसणाचा वास सुटला म्हणून मुलें हंसलीं, तेव्हां त्यांच्याबरोबर आम्हीही हंसलों होतों. तें हंसणें आज आठवलें कीं मान खालीं जाते.

डिसेंबरांत पालकसभा झाली. आजी काठी टेकीत आली. ती म्हणाली, "मास्तर, ह्याची मागची दाढ दुखतीया. ह्याचा बाप म्हणतो, दुधाची हाय, पडंल. पर तिथं आदी दुसरी दाढ पडल्याली मला काय आठवत न्हाई. साळंत घातला त्या वर्साला नवीच आली ती."

आम्हीं तिला मोठ्या शहाणपणानें सांगितलें, "आजी, काळजी करूं नका. लेंकरूं दहा वर्षांचें आहे. दुधाचीच असेल. पडून नवी येईल." इतकें बोलून आम्हीं प्रगतिपुस्तक पुढें केलें, तिचा अंगठा घेतला आणि पुढच्या पालकांस हांक मारली.

जानेवारींत एके दिवशीं तो मुलगा गालाला हात लावून बाकावर डोकें टेकून बसला होता. कविता म्हणावयास सांगितली तर त्याला एक ओळ येईना. आम्हांस राग आला. "हुशारी डोक्यांत शिरली वाटतें," असें म्हणून आम्हीं त्याला उभें केलें. त्यानें गालावरचा हात काढला. गाल डोळ्यापर्यंत सुजला होता आणि अंग तापानें फणफणत होतें.

त्याच दिवशीं आम्ही त्याला घेऊन दांतांच्या डॉक्टरांकडे गेलों. आजीलाही बोलावून घेतलें. दाढेच्या मुळाशीं पू झाला होता. दाढ काढावी लागली, आणि सूज चेहऱ्यावर पसरली असल्यामुळें कांहीं दिवस अँटिबायोटिक औषध घ्यावें लागलें. डॉक्टर म्हणाले, "ही दुधाची दाढ नव्हे. ही सहाव्या वर्षाची दाढ. हिच्या जागीं आतां दुसरी येणार नाहीं."

ही माहिती प्रत्येक पालकानें मनांत कोरून ठेवावी अशी आहे. मुलाच्या तोंडांत दुधाचे दांत २० असतात. सहाव्या वर्षाच्या सुमारास ह्या विसांच्या मागें, एकही दांत न पडतां, चार नव्या दाढा उगवतात. दोन वर, दोन खालीं. दांत पडलेला नसतो, म्हणून घरचीं माणसें त्यांसही दुधाच्याच समजतात आणि कीड लागली तरी निर्धास्त राहतात. पण त्या जन्माच्या सोबती असतात. "तिथं आधीं दुसरी दाढ पडलेली आठवत नाहीं," असें जें आजी म्हणाली होती, तीच ह्या दाढेची खरी खूण. अक्षरशत्रु म्हातारीस जें दिसलें, तें आम्हां पदवीधरांस दिसलें नाहीं.

डॉक्टरांनीं विचारलें, "हा गोड फार खातो काय?" आजी म्हणाली, "कुठलं गोड, डाक्टर? घरात गूळ हाय त्यो चहापुरता." मुलानें एकवार आमच्याकडे पाहिलें आणि तो कांहीं बोलला नाहीं. गुरुजींची लाज राखावी म्हणून तो दहा वर्षांचा पोर गप्प राहिला! मग आम्हांसच डब्याची हकीकत सांगावी लागली.

डॉक्टर रागावले नाहींत. त्यांनीं समजावून सांगितलें, तें असें. आपल्या तोंडांत असंख्य जंतु राहतात. हॉलंडमधील डेल्फ्ट गांवच्या लेव्हेनहूक नांवाच्या कापडाच्या व्यापाऱ्यानें स्वतः घांसलेल्या भिंगांतून आपल्या दांतांवरचा मळ पाहिला आणि त्यांत हालणारे जीव दिसल्याचें १६८३ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीस कळविलें. पुढें मिलर नांवाचे एक अमेरिकन दंतवैद्य बर्लिन येथें अध्यापक होते. हे जंतु गोड व पिठूळ पदार्थ आंबवून आम्ल तयार करितात, आणि त्या आम्लानें दांताचें कवच विरघळतें, असें त्यांनीं १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत मांडलें. साखर तोंडांत गेल्यावर कांहीं मिनिटांतच दांतांवर आम्ल वाढतें. लाळ त्याचा नाश करिते आणि झिजलेल्या कवचास चुन्याचा व फॉस्फेटचा अंश परत देते. पण ह्या कामास तिला अर्धा तास तरी लागतो, कधीं तासही लागतो. म्हणून साखर एकंदर किती खाल्ली ह्याबरोबरच ती किती वेळां खाल्ली आणि किती वेळ तोंडांत राहिली, हेंही पाहावें लागतें. जेवणाबरोबर खाल्लेला लाडू एकदांच आम्ल करितो; गालांत धरलेली गोळी लाळेला उसंतच मिळूं देत नाहीं. तासागणिक एक गोळी देऊन आम्हीं त्या मुलाच्या दाढेस दिवसभर आम्लांत बुडवून ठेविलें होतें.

दाढेची कथा येथें संपली असती; पण पुढें पोटाची सुरू झाली. तो आठवडाभर शाळेंत आला नाहीं, म्हणून आम्ही एस. टी. नें त्याच्या वस्तीवर गेलों. सूज उतरली होती, परंतु औषधानें त्याला ढाळ लागले होते. आम्हीं डॉक्टरांस फोन केला. ते म्हणाले, "घाबरूं नका. औषध पुरें करा, क्षार-साखरेचें पाणी देत राहा, आणि नेहमींचें जेवण चालूं ठेवा. हें औषध शत्रु आणि मित्र असा भेद करीत नाहीं. दाढेंतील जंतूंबरोबर त्यानें पोटांतील कांहीं चांगले जंतुही मारले आहेत. ते परत वाढतील. त्यांस त्यांचें अन्न मिळूं द्या."

त्यांचें अन्न म्हणजे काय, असें आम्हीं विचारलें. डॉक्टर हंसून म्हणाले, "आजी काय देते आहे तें पाहा." आजी चुलीपुढें बसून भाकरी थापीत होती. शेजारीं कांदा चिरलेला होता, आणि तांब्यांत ताक होतें. त्या दिवशीं आम्हीही तेथेंच जेवलों, आणि घरीं परतल्यावर ह्या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों.

वाचून कळलें तें थोडक्यांत असें. आपण जें खातों त्यांतील बहुतेक भाग लहान आंतड्यांत पचतो. परंतु अन्नांतील कांहीं अंश असे आहेत कीं ते पचविण्याचें साधन मनुष्याच्या शरीरांत नाहीं. ते तसेच मोठ्या आंतड्यांत उतरतात आणि तेथें राहणाऱ्या जंतूंचें भोजन होतात. ह्यांपैकीं जे हितकर जंतूंसच विशेषेंकरून पोसतात आणि त्यायोगें मनुष्याचेंही आरोग्य राखतात, त्यांस गिब्सन व रोबरफ्रॉइड ह्या दोन शास्त्रज्ञांनीं १९९५ सालीं 'प्रीबायोटिक' असें नांव दिलें. आम्ही वर्गांत त्यांस 'जंतूंची शिदोरी' म्हणतों. दह्याताकांत जिवंत जंतु असतात, ती गोष्ट निराळी. शिदोरी म्हणजे जंतु नव्हेत, त्यांचें अन्न होय.

नांव १९९५ चें असलें तरी वस्तु मनुष्याइतकीच जुनी आहे. आईच्या दुधांत, एका लिटरांत सुमारें ५ ते १५ ग्रॅम, अशा प्रकारच्या शर्करा असतात कीं ज्या मूल स्वतः पचवूंच शकत नाहीं. दुधांतील साखर व स्निग्ध अंश ह्यांच्या खालोखाल त्यांचेंच प्रमाण मोठें. मग आईच्या शरीरानें इतके श्रम कोणासाठीं घ्यावे? त्या शर्करा मुलाच्या पोटांतील बिफिडो नांवाच्या जंतूंसाठीं असतात. अंगावर पिणाऱ्या मुलांच्या मळांत हे जंतु विपुल असतात, असें पॅरिसच्या पाश्चर संस्थेंत काम करणारे तिस्ये ह्यांस १८९९ च्या सुमारास आढळलें. आई आपल्या लेंकराबरोबर त्याच्या पोटांतील पाहुण्यांसही जेवूं घालते, हें वाचून आम्ही कितीतरी वेळ पुस्तक मिटून स्वस्थ बसलों.

मूल मोठें झालें म्हणजे ही शिदोरी त्याला ताटांतून मिळावयास पाहिजे. कांदा, लसूण आणि गहूं ह्यांत इन्युलिन व त्याच्या जातीचे पदार्थ असतात. कॉफींत मिसळतात त्या चिकोरीच्या मुळांत तर पुष्कळच. मटकी, हरभरा, चवळी, तूर ह्या कडधान्यांत दुसऱ्या जातीच्या अशाच शर्करा असतात. कच्च्या केळ्यांतील पिष्टाचा मोठा भाग न पचतां खालीं जातो. केळें पिकलें कीं त्याची बहुतांशीं साखर होते. शिजविलेला भात किंवा बटाटा निवला म्हणजेही त्यांतील पिष्टाचा कांहीं अंश पचनास कठीण होतो व जंतूंच्या उपयोगीं पडतो. मात्र भात उघड्यावर ठेवून शिळा करूं नये, तो लवकर थंड जागीं ठेवावा, नाहीं तर नको ते जंतु त्यांत वाढतात. बाजरी-जोंधळ्यांतील कोंड्याचा सर्वच अंश काटेकोर अर्थानें प्रीबायोटिक नव्हे. तरी पोट साफ ठेवण्यास तो हवाच. थोडक्यांत, त्या मुलाच्या डब्यांत जें होतें, आणि जें झांकून ठेवावें असें त्याला वाटलें, तेंच हें अन्न होतें.

ह्या सगळ्यांत एक गोष्ट आम्हांस फार विलक्षण वाटली. पोटांतील जंतु ही शिदोरी खाऊन करितात काय? तेही आम्लच करितात! त्यांपैकीं ब्युटिरिक नांवाच्या आम्लावर मोठ्या आंतड्याच्या अस्तराच्या पेशींचें मुख्यतः पोषण होतें. म्हणजे जंतूंनीं अन्न आंबवून आम्ल करावें, ही क्रिया दोन्हीं ठिकाणीं एकच. तोंडांत तिनें दांत जातो, कारण दांताचें कवच एकदां घडलें तें घडलें. तें पुनः नव्यानें उगवत नाहीं. आंतड्याचें अस्तर मात्र जिवंत असतें, कांहीं दिवसांत नवें होतें, आणि त्या आम्लावर जगतें. म्हणून जंतूंस सरसकट वैरी मानणेंही चूक, आणि सरसकट मित्र मानणेंही चूक. कोणत्या जागीं राहणाऱ्या जंतूंस आपण काय चारतों, हाच खरा प्रश्न आहे. गोड गोळीनें आम्हीं तोंडांतील घातक जंतूंस दिवसभर जेवूं घातलें. भाकरी-कांद्यास हंसून पोटांतील हितकर जंतूंस उपाशीं ठेविलें. दोन्हीं कृत्यांत हात आमचा होता.

येथें दोन चार इशारे देणें आमचें कर्तव्य आहे. कारण नव्या ज्ञानाचा लवकरच बाजार होतो. पहिली गोष्ट, कांदा-लसूण खाऊन किडलेली दाढ बरी होत नाहीं. तिला डॉक्टरच पाहिजे. तोंडांतील हितकर जंतूंसाठीं कांहीं निराळी शिदोरी देतां येईल काय, ह्याचा शोध शास्त्रज्ञ करीत आहेत. आर्जिनीन नांवाच्या द्रव्यापासून तोंडांतील कांहीं जंतु आम्लाचा जोर मोडणारा अमोनिया तयार करितात, असें दिसून आलें आहे. पण म्हणून घासणें सुटत नाहीं. सकाळीं आणि रात्रीं निजतांना फ्लोराइड असलेल्या पेस्टनें दांत घासावेत. तीन वर्षांखालील मुलास तांदळाच्या दाण्याएवढी आणि सहापर्यंतच्या मुलास वाटाण्याएवढी पेस्ट पुरे. दुसरी गोष्ट, 'प्रीबायोटिक' असें मोठ्या अक्षरांनीं छापलेल्या रंगीत चिकट गोळ्या मुलांसाठीं घेण्यापूर्वीं मागील बाजूची बारीक अक्षरें वाचावींत. त्यांत साखर असेल तर ती आमच्या पेपरमिंटचीच बहीण समजावी. गूळ, मध आणि फळांचा रसही दांतांस साखरेसारखेच. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१५ सालीं असें सांगितलें आहे कीं, दिवसाच्या एकूण ऊर्जेंत अशा साखरेचा वाटा शेंकडा १० पेक्षां कमी असावा, आणि ५ पेक्षां कमी असल्यास अधिक बरें. तिसरी गोष्ट, ज्या मुलास कडधान्यांची संवय नाहीं त्याला एकदम वाटीभर उसळ देऊं नये, पोट फुगतें. थोड्यापासून आरंभ करावा, आणि कडधान्य भिजवून मोड आणून शिजवावें.

तो मुलगा दहा बारा दिवसांनीं शाळेंत आला. भाकरीनें तो बरा झाला असें आम्ही म्हणत नाहीं. असे ढाळ बहुधा आपोआप थांबतात. आल्या दिवशीं मधल्या सुट्टींत आम्ही आपला डबा घेऊन वर्गांत गेलों आणि त्याच्या बाकावर बसलों. आमच्या डब्यांत त्या दिवशीं मुद्दाम भाकरी आणि लसणाची चटणी होती. आम्हीं त्याला म्हटलें, "आजीच्या चटणींतली थोडी दे बुवा, आमची कांहीं तशी जमली नाहीं." त्यानें जरा थांबून डब्याचें झांकण पुरतें काढलें. दुसऱ्या मुलांनींही मागून घेतली. वर्गांत पुनः लसणाचा वास सुटला; कोणी हंसलें नाहीं.

पालकसभेच्या पुढच्या खेपेस आम्हीं आजीची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. ती म्हणाली, "असूं द्या मास्तर. तुमी चांगल्यापायीच दिल्या गोळ्या." हें खरेंच आहे, आणि त्यांतच आमच्या व्यवसायाचा धोका आहे. छडीचा वळ दिसतो, म्हणून तिचा अन्याय लवकर कळतो. प्रेमानें दिलेल्या गोष्टीचा वळ दिसण्यास वर्षें लागतात, आणि तोंवर आपण स्वतःस दयाळू समजत राहतों.

आमच्या टेबलावर तो पत्र्याचा डबा अजून आहे. त्यांत आतां खडू असतात. कविता चांगली म्हणणाऱ्यास पुढील आठवड्याची कविता निवडण्याचा मान मिळतो, आणि सणावारीं फुटाणे-शेंगदाणे वांटतों. वसतिगृहाच्या मेट्रनबाईंनींही आठवड्यांतून तीन दिवस मोडाची उसळ आणि ताटांत कच्चा कांदा सुरू केला आहे. नाताळांत गोड नसावें असें आमचें म्हणणें नाहीं. करंज्या आणि केक अवश्य असावेत. ते जेवणाबरोबर खावेत, वर पाणी पिऊन चूळ भरावी, आणि दिवसभर तोंड चालूं ठेवूं नये.

विद्यार्थीमित्रहो, तुमच्या देहांत तुम्ही एकटे राहत नाहीं. जो घांस तुम्ही उचलतां त्यावर आणखी कितीकांचें पोट अवलंबून असतें. त्यांस योग्य तें द्या, म्हणजे ते तुमचें राखतील. घरून येणाऱ्या भाकरीची लाज धरूं नका. आणि पालकांनो, मुलाच्या सहाव्या वर्षीं एकदां त्याचें तोंड उजेडांत उघडून पाहा. मागें नवी दाढ दिसली आणि तेथें पूर्वीं दांत पडल्याचें आठवत नसेल, तर ती कायमची समजून डॉक्टरांस दाखवा. कोणी शिकलासवरलेला मनुष्य "दुधाची असेल" म्हणाला, तरी आपल्या आठवणीवर विश्वास ठेवा.